दुसऱ्या बोर्डापुढची डिट्टो

"दुसऱ्या बोर्डाचं रीडिंग कुठंय?" खानसरांनी विचारलं, तेव्हा मी टेस्ट शीट फाईलला लावत होते. आमचं मेडिकल उपकरणं दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप, आणि सर त्याचे मालक. पहिल्या बोर्डापुढं मी लिहिलं होतं, कलेक्टर सहा व्होल्ट. दुसऱ्यापुढं नुसती डिट्टोची खूण. मी म्हटलं, दोन्ही सेमच आहेत सर, शहागंजहून आणलेल्या एकाच पाकिटातले ट्रान्झिस्टर.

सरांनी माझ्या ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे चाचणीसाठी जुळवलेल्या सर्किटातला ट्रान्झिस्टर काढला, त्याच पाकिटातला दुसरा लावला आणि मीटर माझ्याकडे सरकवला. ०.२ व्होल्ट.

हे बोर्ड बेबी वॉर्मरच्या अलार्मचे होते. वॉर्मर म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारं यंत्र. ऊब जास्त झाली की अलार्म वाजतो, आणि त्याचा बारीक आवाज मोठा करतो तो ट्रान्झिस्टर. पण त्यासाठी आवाज यायच्या आधीच त्याला नीट बसवून ठेवावं लागतं. सप्लाय बारा व्होल्टचा असेल तर कलेक्टर, म्हणजे त्याचा आवाज बाहेर देणारा पाय, साधारण सहावर हवा, म्हणजे आवाजाला वरखाली व्हायला जागा मिळते. याला बायसिंग म्हणतात. कलेक्टर ०.२ वर आला की ट्रान्झिस्टर तळाला चिकटला, आवाज बंद.

मी बेसला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या पायाला, करंट अडवणारा एकच रेझिस्टर लावला होता. तो बदलत बदलत बरोब्बर सहा व्होल्ट आणले आणि स्वतःवरच खूश झाले. पण ते सहा त्या एका ट्रान्झिस्टरपुरते होते. त्याचा गेन, म्हणजे तो करंट किती पट करतो तो आकडा, एकशे दहा, दुसऱ्याचा निघाला दोनशे ऐंशी.

आणि दोन्ही वॉर्मर आदल्या दिवशीच सिल्लोडच्या एका दवाखान्यात बसवले होते.

सर एवढंच म्हणाले, "फोन लाव. खरं ते सांग."

तिथल्या सिस्टरना मी दोन्ही वॉर्मरचं टेस्टचं बटण दाबायला सांगितलं. पहिल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. दुसऱ्याचा आलाच नाही.

"लाल दिवा लागतोय मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "आवाज नाय येत."

"आत बाळ आहे?"

"व्हय. दोन्हीत हायेत. ह्याच्यातलं लई बारकं हाय."

बंद करा म्हणायची सोय नव्हती, ऊब तर हवीच होती. तिसरा वॉर्मर नव्हता. मी सांगितलं, चूक माझी आहे, मी येईपर्यंत बाळाजवळून हलू नका, तापमान बघत राहा. त्या "बरं" म्हणाल्या.

नवा बोर्ड करायला वीस मिनिटं लागली. या वेळी बेसला व्होल्टेज वाटून देणारा दोन रेझिस्टरचा विभाजक लावला आणि तिसऱ्या पायाला, एमिटरला, एक रेझिस्टर. करंट वाढायला लागला की एमिटरचा रेझिस्टरच त्याला मागं ओढतो, मग गेन कितीही असो. कागदावर आधी गणित केलं, मग मीटर लावला. सहा. सरांनी ट्रान्झिस्टर बदलायला लावला. ५.८. तिसरा लावला. ५.९. तेव्हा कुठं त्यांनी गाडीची किल्ली दिली.

वाटेतल्या फुलंब्रीपर्यंत मी फोनकडं बघायलाही घाबरत होते. वाजला तर काय ऐकावं लागेल, हेच डोक्यात. गावाहून, पिशोरहून आईचा फोन आला. तो मी उचललाच नाही.

पोचले तेव्हा सिस्टर वॉर्मरला लावलेल्या स्टुलावर बसल्या होत्या. एक हात बाळाच्या पोटावर, नजर आकड्यावर. जवळपास दोन तास तशाच. बाळ झोपलेलं होतं. बोर्ड बदलेपर्यंत त्यांनी त्याला आईच्या छातीशी दिलं. मी कलेक्टर मोजला, बटण दाबलं. अलार्म इतका कर्कश वाजला की बाळ रडायला लागलं. मलाही रडू आलं, मी ते लपवलं नाही.

"आता वाजतोय ना?" सिस्टरनी विचारलं. "मग मी जरा पाणी पिऊन येते."

वर्कशॉपला परत आल्यावर पहिल्या वॉर्मरसाठीही तसाच नवा बोर्ड करायला घेतला. शीटवर दोन्ही रीडिंग आकड्यात लिहिली. सर रागावले नाहीत, नुसती सही केली.

एकाच पाकिटातल्या दोन ट्रान्झिस्टरचा गेन सारखा नसतो. डिप्लोमाच्या पेपरात हे मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं, आणि मला चारही मिळाले होते.