चार नंबरचा बागुलबुवा

कोरियातल्या देगू शहरात, एका वजनकाट्याच्या कंपनीत मेंग ओक-ही नावाच्या बाई एकोणीस वर्षं एकच लायब्ररी सांभाळत होत्या. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. दुकानांतल्या काट्यांवरचे प्रोग्राम त्यातून नाव, वजन आणि किंमत घेऊन लेबल छापायचे. बाईंचे वडील जडीबुटी विकायचे. शंभर खणांच्या कपाटातून न बघता औषध काढायचे, आणि कोणी खण हलवला की सर्दीच्या माणसाला जुलाबाची मुळी मिळायची. जुने प्रोग्रामही तसेच आंधळे. किंमत तिसऱ्या खणात म्हणजे तिसऱ्याच. म्हणून बाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना शब्द दिला होता, की लायब्ररी कितीही नवी आली तरी तुमचा प्रोग्राम पुन्हा बांधावा लागणार नाही.

शब्द मोडायचाच झाला तर आवृत्तीचा पहिला आकडा बदलायचा, म्हणजे लोक सावध होतात. लायब्ररी होती तीनवर. पुढचा आकडा चार, आणि कोरियन भाषेत चारचा उच्चार मरणासारखाच, म्हणजे साक्षात अपशकुन. कंपनीच्या लिफ्टमध्येही चारच्या जागी इंग्रजी फोरचा एफ होता. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी खण हलवायचं काढलं, तेव्हा बाईंनी मालक थाकसाहेबांना हळूच सांगितलं की चार काढणाऱ्या दोन कंपन्या बुडाल्या. साफ थाप होती. साहेबांनी मात्र धसका घेतला आणि तेव्हापासून तीन पॉइंट एकतीस, बत्तीस असं मारुतीचं शेपूट वाढत गेलं.

यंदा छुसोकच्या सणाआधी एका सुपरमार्केटला नवी आवृत्ती द्यायची होती. लेबलवर मालाचा देशही हवा होता. टीमचा तरुण प्रमुख नामगुंग याने घाईत देशाचा खण नेमका मधे घुसवला. बाईंनी जुना प्रोग्राम चालवून पाहिला. लेबल आलं: बांगडा, वजन कोरिया, किंमत आठशे ग्रॅम.

खण शेवटी न्या, असं बाईंनी सांगितल्यावर नामगुंगने नाक मुरडलं. सगळं परत तपासायला आठवडा लागणार, सण तीन दिवसांवर, आणि त्याची गावची तिकिटं काढलेली. त्यापेक्षा सरळ चार म्हणू, असं त्याचं म्हणणं पडलं. बाई मनात हसल्या आणि त्याला साहेबांपुढे घेऊन गेल्या.

"काढा की चार," साहेब म्हणाले. "माझी नात चार एप्रिलला झाली, तीही चार किलोची. आता कसली भीती?"

बाईंच्या हातातला हुकमाचा पत्ताच गेला. नाइलाजाने त्या प्रथमच खरं बोलल्या.

"साहेब, पोहांगच्या मासळीबाजारात बांगआजींचे बारा गाळे आहेत. त्यांचा प्रोग्राम त्यांच्या नवऱ्याने लिहिला होता. तो गेला, मूळ कोडही त्याच्याबरोबरच गेला. आता परत बांधणार कोण? मी त्या माणसाला शब्द दिला होता."

साहेबांनी फोन उचलून सुपरमार्केटकडे सणानंतरचा एक आठवडा मागितला. पलीकडच्याला दिसत नसताना फोनलाच तीनदा कमरेत वाकले. आठवडा मिळाला, तिकिटं वाचली, आणि नामगुंग खण शेवटी न्यायला आनंदाने पळाला.

"मेंगबाई, हे आठ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी तेव्हाच ऐकलं असतं," साहेब म्हणाले. "मग त्या दोन बुडालेल्या कंपन्या कुठल्या?"

"कुठल्याच नाहीत, साहेब. थाप होती," बाई म्हणाल्या.

"तुमच्या त्या कंपन्यांपायी मी नदीसमोरचं चौथ्या मजल्यावरचं घर विकलं. बायको अजून रोज ऐकवते. आता सणाला घरी या, आणि खरं काय ते तिला तुम्हीच सांगा."