घोटाची फांदी

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात घोटाचा एक जुना नमुना आहे. घोट म्हणजे बोराच्या कुळातलं काटेरी झाड. जाड कागदावर वाळलेली पानं आणि गोटीएवढी कडक फळं शिवलेली, खाली कुणा जुन्या प्राध्यापकाच्या अक्षरात लिहिलेलं, ‘कारधा, नदीकाठ. भरपूर.’ तो ‘भरपूर’ मला फार डाचायचा. मी कारध्याचा काठ पालथा घातला, पण एक घोट दिसेल तर शपथ.

मग गेल्या हिवाळ्यात शहापूरकडे धानाच्या बांधावर एकुलतं एक झाड सापडलं. फळांची फांदी लगेच घेतली. पण फूल नसेल तर नमुना अर्धवट मानतात, आणि ते त्याच झाडाचं असलेलं बरं. घोट इथे अजून जिवंत आहे, एवढं मला दाखवून द्यायचं होतं. उन्हाळा लागला तशी मी सारखी मोटरसायकल काढू लागलो. बायको म्हणाली, त्या झाडाशी लग्नच लावून घ्या एकदाचं.

कळ्या होत्या पार शेंड्याला. फांदी ओढून बघताना दर वेळी हात ओरबाडून निघायचे. शेताचे मालक, वयस्कर गृहस्थ, बाजूच्या कडुलिंबाखाली बसून माझे हाल बघायचे. शेवटी मी त्यांना नंबर दिला. “काकाजी, फुलं उमलली की फोन करा. मले एक चांगली फांदी पाहिजे.”

एका सकाळी फोन आला. नमुना दाबून वाळवायच्या फळ्या आणि रद्दी पेपर घेऊन पोचलो, तर झाड बांधावर आडवं पडलेलं.

“जय भीम, सर. या,” काकाजी म्हणाले. “तुमचा हात पुरत नोयता. सारे हात फाटून रायले होते तुमचे. म्हून बुडातूनच तोडलं. आता बसल्या बसल्या घ्या, पाह्यजे तेवढी.”

बारीक हिरवट फुलांवर माश्या अजून घोंगावत होत्या. मला भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर? काकाजींनी माझ्यासाठी सावलीत पोतं अंथरून ठेवलं होतं. ‘झाड राहू द्या’ असं मी कधी म्हणालोच नव्हतो. आलो की फांदी, फांदी, एवढंच.

फुलं मात्र सुरेख होती. त्याही स्थितीत मी त्यातली उत्तम फांदी निवडली, याची मला अजून लाज वाटते.

ती पेपरात दाबली आणि तिथेच नोंद लिहायला घेतली. ‘शहापूर, शेताचा बांध,’ इथवर लिहिलं. पुढे अशी झाडं तिथे किती आहेत ते लिहायचं असतं. तिथे पेन अडलं. काकाजी उरलेल्या काटेरी फांद्या कुंपणाकडे ओढत होते.

“झालं ना सर तुमचं काम?”

“झालं.”

“मंग बरं झालं,” ते खूश होऊन म्हणाले. “पुढच्या साली लागलं तं पयलेच सांगजा. तुमाले येवढ्या चकरा मारू देत नाही.”