तिसऱ्या रांगेतल्या जयवंतीबाई

गाताना जयवंतीबाई शेजारणीच्या पाठीवर हात ठेवत. ताप पाहायला ठेवावा तसा, उघडा तळवा, हलकेच टेकवलेला. पहिल्या दिवशी शेजारी हंसाबेन उभ्या होत्या. डहाणू रोडला त्यांचं कापडाचं दुकान. अंगाला कुणी हात लावला की त्या आक्रसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच म्हणालो, "बाई, हात खाली."

जयवंतीबाई हसल्या. "सर, हात लागला का मंग सूर लागतो. त्यांचा दम कुठं संपतो ते मला हाताला कलतं. तिथं मी दम नाय घेत."

शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, म्हणजे ओळ तुटत नाही, ही समूहगानातली मूळ गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. मंडळाला ती शिकवता शिकवता माझे तीन महिने गेले होते आणि तरी ओळी तुटतच होत्या. या बाई मात्र ती हातात घेऊनच आल्या होत्या. तरीही मी त्यांना पुन्हा सांगितलं, "हात खाली."

२०१४ साली डहाणूच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. पेटी बऱ्यापैकी वाजवायचो. दर रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये समूहगान सुरू केलं तेव्हा अकरा जण जमले. बँकेतले, पोस्टातले, चिंचणीच्या दोन बहिणी, नरपडला चिकूची वाडी असलेले एक राऊत. एका रविवारी आम्ही गात असताना खिडकीशी एक बाई उभी दिसली. निळी साडी, खांद्याला कापडी पिशवी. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग दारात येऊन म्हणाली, "आत येऊ का? मला पन येतं."

तलासरीच्या पुढे एका पाड्यावर त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्या दिवशी डहाणूच्या दवाखान्यात नणंदेला भेटायला आल्या होत्या. गाता कुठे, असं विचारल्यावर म्हणाल्या, "अंगनवाडीत. पोरं जेवायला येत नायत. हाका मारून घसा सुकतो, गानं म्हनलं का येतात." आणि तिथेच म्हणून दाखवलं: भात उकळला, वास सुटला, ताटली घेऊन या रे या. शब्द त्यांचे, चाल त्यांची. आवाज असा की हॉलच्या दुसऱ्या टोकाला पंख्याचं बटण शोधणारे राऊत मागे वळले. सरळ, मोकळा, कुठेही न घासलेला आवाज.

तेव्हापासून दर रविवारी दोन गाड्या बदलून त्या यायच्या. कशालाही त्या "बेस" म्हणत. नवीन गाणं आवडलं का? बेस. गाडी चुकली, आशागडपर्यंत चालत आल्या, पाय दुखतायत? बेस हाय. चहात साखर नाही? तरी बेस.

चारपाच महिन्यांत मंडळ बदललं. जे झालं त्यातलं किती माझं आणि किती त्यांचं, हे तेव्हा मला कळलं नाही. सगळं माझंच, असं मी धरून चाललो. हंसाबेनचे यजमान गेल्यापासून त्या दुकानाबाहेर कुणाशी बोलत नव्हत्या. मी सांगूनही पाठीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या हाताला त्या सरावल्या. एक दिवस मीच जयवंतीबाईंची जागा बदलली, तर हंसाबेन मला म्हणाल्या, "सर, एमने मारी पासेच, माझ्याजवळच राहू द्या. मला त्यांच्याशिवाय नाही जमणार." पोस्टातला एक तोतरा माणूस बोलताना अडखळायचा, गाताना कधीच नाही. तो हळूहळू काउंटरवरही कमी अडखळू लागला.

आम्ही बाहेरही गाऊ लागलो. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, आश्रमशाळेत, तलासरीच्या बाजाराच्या दिवशी वडाखाली. दवाखान्यात बाळंतिणी खाटेवरून उठून दारात येत. बाजारात मिरच्या विकणारी एक म्हातारी आमचं गाणं संपल्यावर म्हणाली, "थांबा, आता मी म्हनते," आणि तिने म्हटलं. जयवंतीबाईंनी तिच्या मागे सूर धरला, मग सगळ्यांनी. पेटी तेवढी गप्प होती. तिची चाल मला सापडत नव्हती.

२०१७च्या थंडीत पालघरला समूहगानाची स्पर्धा होती. किमान वीस गायक हवेत असा नियम होता आणि आम्ही बरोबर वीस होतो. मी सराव मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि घरी जाऊन ऐकला. प्रत्येक ओळीत जयवंतीबाई वेगळ्या ऐकू येत होत्या. 'पाणी'चं 'पानी' होत होतं, 'आभाळ'चं 'आभाल'. परीक्षक मुंबईहून येणार होते. मी मराठीचा शिक्षक. माझ्या मंडळाने 'आभाल' म्हटलेलं त्यांनी ऐकलं तर ते माझ्याबद्दल काय म्हणतील, हा विचार माझ्या डोक्यात आला. तो तसाच आला होता, हे आज कबूल करतो.

पुढच्या रविवारी मी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

"जयवंतीबाई, स्पर्धेच्या दिवशी आवाज काढू नका. फक्त ओठ हलवा. कुणाला कळणार नाही."

"म्हंजे उभी राहू, पन गाऊ नको?"

"मंडळासाठी म्हणतोय. विसाचा आकडा भरायला हवा. आणि तो हातही ठेवू नका. स्टेजवर बरं दिसत नाही."

त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. "बेस," म्हणाल्या.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. ढाल घेताना माइक माझ्या हातात आला आणि मी म्हणालो, "आमच्या मंडळात पाड्यावरच्या भगिनीही खांद्याला खांदा लावून गातात." टाळ्या झाल्या. मी मागे हात करून तिसऱ्या रांगेतल्या जयवंतीबाई दाखवल्या. त्यांनी लोकांना नमस्कार केला. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटत होता.

स्पर्धा संपली, पण 'आता गा' असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. त्या येत राहिल्या, तिसऱ्या रांगेत उभ्या राहत राहिल्या, हात खाली ठेवून. गात असतील तर इतकं हळू की मला ऐकू येत नव्हतं. मंडळाचा आवाज तेव्हा एकसारखा झाला होता. लोक म्हणत, काय शिस्त आहे. मीही म्हणत असे.

मग २०१८ची दिवाळी झाली आणि डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. दिवसाआड एखादा धक्का. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची. भिंतींना भेगा गेल्या. थंडीत लोक घरं सोडून ताडपत्रीखाली राहू लागले. शाळा झाडाखाली भरू लागल्या. मी सराव बंद ठेवला. जानेवारीत जयवंतीबाईंचा फोन आला.

"सर, मंडल घेऊन या ना आमच्याकडे. पोरं घाबरून हायत. जेवत पन नायत बेस."

आम्ही चौदा जण टेम्पोने गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. घरांपासून थोड्या अंतरावरच्या मोकळ्या शेतात ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. अंगणवाडीची पोरं आंब्याच्या सावलीत बसली होती, आयाबाया मागे. मी पेटी उघडली, दोन गाणी झाली. लोकांनी ऐकली, बसून राहिले. तिसरं सुरू केलं आणि तो आवाज आला.

मी शहरातल्या पक्क्या घरात धक्के अनुभवले होते, उघड्या जमिनीवर बसून कधीच नाही. पायांखालून काहीतरी सरकत गेलं, पेटी आपोआप हलली, आणि मी उठून पळालो. वर कोसळण्यासारखं काही नव्हतं, आभाळ होतं फक्त. तरी मी पळालो. माझ्या पुढ्यात बसलेल्या एका मुलीला ओलांडून गेलो. टेम्पोचा दांडा धरून उभा राहिलो तेव्हा मला कळलं की मंडळातलं दुसरं कुणीच हललेलं नाही. पोरं मात्र उठली होती. घाबरलेलं मूल जिकडे धावतं तिकडेच ती निघाली होती, घराकडे. त्या भेगाळलेल्या भिंतींकडे.

तेव्हा जयवंतीबाईंनी जेवणाचं गाणं म्हटलं. भात उकळला, वास सुटला. पूर्ण आवाजात. सव्वा वर्षाने मी तो आवाज ऐकत होतो. पोरं थांबली. एकेक वळलं. हंसाबेननी जयवंतीबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही गाऊ लागल्या, मग राऊत, मग मागच्या बायका. सगळी पोरं परत येऊन आंब्याखाली बसेपर्यंत त्यांनी तेच गाणं म्हटलं, कितीदा म्हटलं कुणास ठाऊक. 'उकळला'चं 'उकलला' करत होते सगळे, राऊतसुद्धा. मी टेम्पोजवळून ऐकत होतो. परत जाऊन बसायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी जयवंतीबाईच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "प्या सर. पयल्यांदा सगल्यांना असंच व्हतं." आणि मग, मी ज्या मुलीला ओलांडलं होतं तिच्याकडे मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "तिला काय नाय लागलं. बेस हाय ती."

परतताना टेम्पोत हंसाबेन माझ्या समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एक सांगू? पालघरला पण त्या गात होत्या. एकदम बारीक. माझ्या कानाजवळ. मी सूर तिथूनच घेत होते."

"मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही त्यांना बंद केलं असतं."

महिनाभराने मी एकटाच पाड्यावर गेलो. जयवंतीबाई सुपात डाळ निवडत होत्या. मी सगळं बोललो. उच्चारांचं, मुंबईच्या परीक्षकांचं, ढाल घेताना केलेल्या भाषणाचं. माफी मागितली. त्या ऐकत होत्या आणि खडे वेचत होत्या. यावर त्या 'बेस' म्हणतील अशी माझी खात्री होती. त्याच भरवशावर आलो होतो, खरं तर.

त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"माझं जाऊ द्या सर. मला तवाच कललं व्हतं, तुमी कशाला सांगता ते. पन माझी पोरगी मनीषा आली व्हती पालघरला. आश्रमशालेतून सुट्टी काढून. दोन मैत्रिनींना घेऊन आली, माझी आय गाते बघा म्हनून. नंतर मला म्हनते, आय, तुझा आवाज मला आयकू नाय आला. मी म्हनलं, इतक्या लोकात एकटीचा कसा येल?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी पोरीला खोटं बोलले, सर. ते तुमीच तिला सांगा."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. आधी परीक्षा होत्या, मग सुट्ट्या लागल्या. शाळेची कारणं शिक्षकाला कधी कमी पडत नाहीत. रविवारचा सराव पुन्हा सुरू झाला होता, पण पावसाळ्याच्या तोंडावर जयवंतीबाईंचा मंडळात येण्याचा क्रम थांबला. सासू अंथरुणाला खिळली होती, दोन गाड्या बदलून येणं जमेना. शेवटच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि जाताना मला एवढंच विचारलं, "मनीषा भेटली का?" मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांनी कप गोळा केले आणि गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तलासरीच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो; मनीषा आता तिथे शिकत होती. मनीषा बारीक, उंच, आईसारखीच सरळ बघणारी. वह्या छातीशी धरून तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मी काहीही गाळलं नाही. विसाचा आकडाही सांगितला.

"मी मैत्रिणींना बोट दाखवून सांगत होते," ती म्हणाली, "ती बघा, तिसऱ्या रांगेतली." रागावेल, रडेल, असं मला वाटलं. तिने शाळेत विचारावी तशी शंका विचारली.

"पण सर, तिच्या आवाजात वाईट काय होतं?"

पंचवीस वर्षं मी मुलांच्या शंकांना उत्तरं देत आलो होतो. फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, माझ्या बाजूने वाट काढत जात होत्या. मनीषा उत्तराची वाट पाहत उभी होती.