थेट जाणारी बस

आधी चहा सांगा, मग मी सांगतो. कोरड्या घशाने स्वतःची अब्रू काढता येत नाही. दुसऱ्याची येते, ती मी रोज काढतो, फुकट काढतो. आज मात्र माझीच पाळी आहे.

तर झालं काय, मी पृथ्वी वाचवत होतो.

हसताय काय? लालबागच्या चाळीत राहून पृथ्वी वाचवू नये असा कायदा आहे का? कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून माझ्याकडे वेळच वेळ होता. नोकरी शोधण्यापेक्षा घरच्यांच्या चुका शोधणं सोपं पडतं. आईच्या प्लास्टिकच्या पिशव्या मी जप्त केल्या. बाबांना दाढी करताना नळ बंद ठेवायला लावला. बाबा सिक्युरिटीत आहेत. ज्या मिलमध्ये माझे आजोबा राबले तिथे आता टॉवर उभा आहे, आणि त्याचं गेट बाबा दिवसभर उघडतात आणि बंद करतात. घरी येऊन नळाचंही तेच. त्यांनी काही तक्रार केली नाही.

आजोबांना आम्ही तात्या म्हणतो. संप झाला तेव्हा तात्या मिलच्या गेटसमोर जाऊन बसले. आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, त्यामुळे तात्यांच्या मते ते आजही संपावरच आहेत. मी त्यांना तोंडावर सुनवायचो.

"तात्या, गिरणी उघडणार नाही हे शेंबड्या पोराला कळत होतं. आणि तुम्ही वर्षं काढलीत त्या गेटवर! एकालाही वाटलं नाही, दुसरा रस्ता बघून ठेवावा?"

तात्या तंबाखू मळत राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्प केलं.

हे दुसऱ्या रस्त्याचं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.

आता मूळ भानगड. आमच्या रेश्माताईचं लग्न ठरलं. मुलगा शीव कोळीवाड्यातला, हेमंत. दोघांनी आपलं आपणच जमवलेलं. आमच्या घरात ताटात पापलेट आलं की कुणाला जातपात आठवत नाही, मुलगी द्यायची म्हटल्यावर मात्र सगळ्यांना एकदम आठवली. आठ महिने रुसवेफुगवे चालले. काका तर 'समाजात काय तोंड दाखवू' म्हणत फिरत होता, जसं काही समाज त्याचं तोंड बघायला रांग लावून बसलाय! शेवटी हेमंतची आई, हिरामावशी, स्वतः आमच्या घरी आली. मासळीच्या धंद्यातली बाई, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

"देयाची असल पोरगी तर द्या, नसल तर नाय म्हणा. पण पोरांना टांगून नका ठेवू."

तात्याच बोलले, "दिली."

साखरपुडा त्यांच्या घरी, रविवारी, मुहूर्त सव्वाबाराचा. जाताना मावशीने दारातून एकच सांगितलं, "येलंला या. उशिरा आलेल्या होडीची मासळी आमच्यात कोण घेत नाय."

आईला ते बरोबर लागलं. आपण उशिरा पोचलो तर त्या लोकांना वाटणार, लालबागकरांच्या मनात हे नाहीच. आठ महिन्यांनी जुळलेलं पुन्हा फिस्कटणार. चार रात्री तिला झोप नव्हती.

आणि अशा वेळी मी तोंड उघडलं.

काका म्हणाला, "अकरा माणसं आहोत. दोन मोठ्या गाड्या सांगू."

"दोन गाड्या? डिझेलच्या? एवढ्याशा अंतराला?" मी उभाच राहिलो. "काका, तुमच्या पिढीने ह्या शहराची चिमणी केली. आधी गिरण्यांचा धूर, आता गाड्यांचा! बस आहे ना. इथून थेट जाते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडते. दर बारा मिनिटांनी."

"तुला काय माहीत?"

"दोन वर्षं कॉलेजला गेलो तिने!"

हे अगदी खरं होतं. फक्त कॉलेज सोडून तीन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर मी बसची पायरी चढलो नव्हतो. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून हिंडायचो. पर्यावरणावर भाषण द्यायलासुद्धा तिच्यावरूनच जायचो. हा तपशील मी घरात दिला नाही. बसचा नंबर तुम्हालाही देत नाही.

ताईने विचारलं, "सुशा, नक्की ना रे?"

"ताई, थेट!"

तात्यांनी मान वर केली. "थेट?"

"थेट."

"बरां," म्हणाले, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. मला वाटलं रेंज शोधतायत.

रविवारी सव्वादहाला आमची वरात स्टॉपवर. बघण्यासारखं दृश्य होतं! प्लास्टिकच्या बाटल्या नकोत म्हणून काकाच्या खांद्यावर पाण्याचा माठ. खोके नकोत म्हणून आईच्या कडेवर वेताच्या टोपलीत पेढे, वर ओलं फडकं. ताई पैठणीत. मी हातमागाच्या खाकी कुर्त्यात, कारण रंग नैसर्गिक हवा. तात्यांनी मात्र खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली, फुटपाथच्या कडेला पसरली आणि मांडी घालून बसले. वाट बघायचा अनुभव दांडगा!

स्टॉपला टेकून एक काळीपिवळी टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर दाढीवाला, वयस्कर. त्याने नंबराच्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कौनसी बस देख रहे हो भाई?"

मी नंबर सांगितला.

"वो नहीं आती अब."

मी आईकडे वळलो. "बघितलंस? भाडं मिळावं म्हणून हे लोक काय काय सांगतात! हेच लोक सार्वजनिक वाहतूक मारतात." आणि मग त्याला, "चाचा, धुआं कम करो, समझे? धुआं!"

"मेरी सीएनजी है," तो म्हणाला.

काका हसला. माठातलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

पावणेअकरा वाजले. एक बस आली. "ही शीव स्टेशनला जाते," आई म्हणाली. "जाऊया का? पुढे चालू थोडं."

"थोडं? माठ घेऊन? आई, आपली थेट आहे. बसच आता."

तेवढ्यात माझ्या मागे एक बाई येऊन उभी राहिली. मग एक जोडपं. मग पिशवीवाले एक काका. आपल्या मुंबईत हे असंच! रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. माझा खाकी कुर्ता, ताठ मान, हातातल्या घड्याळाकडे सारखं बघणं... त्या बाईने मला विचारलं,

"मास्तर, येते ना?"

मी कंडक्टर नाही असं मी सांगायला हवं होतं. पण तुम्हाला माहीत नाही, तीन वर्षांत मला कुणी आदराने हाकच मारली नव्हती! मी म्हटलं, "येते, येते. रांगेत राहा."

अकरा वाजेपर्यंत रांगेत वीसेक माणसं. मी रांग सांभाळत होतो. मध्ये घुसणाऱ्याला मागे पाठवत होतो. एका म्हाताऱ्या जोडप्याला पुढे घेतलं, लोकांनी कौतुक केलं. दोन जण कंटाळून टॅक्सीत बसायला निघाले, त्यांना मी थांबवलं! "एवढा वेळ थांबलात, आता निघालात की लगेच येईल बघा." ते थांबले. अजून एक बस गेली, दादरकडून पुढे जाणारी. मी रांगेला म्हटलं, "ही नाही, ही नाही, आपली थेट."

तात्या खालून सगळं बघत होते. एकदाच बोलले. "चांगलो पुढारी झालंस रे."

मला ते कौतुक वाटलं. सांगतोय ना, त्या दिवशी मला सगळंच कौतुक वाटत होतं.

सव्वाअकरा. साडेअकरा. पेढ्यांना घाम फुटला. काकाने माठ खाली ठेवला आणि रांगेतल्या लोकांनी तो अर्धा पिऊन टाकला. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त टोपलीवरचं फडकं पुन्हा पुन्हा नीट करत होती.

ताईने माझा कोपर धरला. काजळ जरा पसरलं होतं.

"सुशा, मला हे लग्न करायचंय रे."

"ताई, पाच मिनिटं."

"तू मघापासून पाच मिनिटंच म्हणतोयस. ते लोक दारात उभे असतील."

तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की माझी सगळी पृथ्वी एकदम तिच्या बाजूला कलंडली. मी वळलो. "चाचा! शीव कोळीवाडा! अकरा जण आहोत, अजून दोन टॅक्स्या बोलवा!"

चाचा कुठला? रांगेतल्या शहाण्या तिघांना घेऊन तो कधीच निघून गेला होता. मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात करायला लागलो. येणारी प्रत्येक टॅक्सी भरलेली. ज्या गाड्यांना सकाळी शिव्या घातल्या त्यांच्याकडे आता भिकाऱ्यासारखा हात पसरत होतो. खाकी कुर्त्यातला माणूस मध्येच उभा बघून एक स्कूटरवाला घाबरून थांबला आणि लायसन्स काढायला लागला.

आणि तेवढ्यात, पुलाखालून काळ्या धुराचा एक लोट आला. लोटातून टेम्पो आला. टेम्पोतून वास आला, आणि वासाच्या मागोमाग आवाज.

"अगो बाय! ही काय उभी सगली!"

पुढच्या सीटवर हिरामावशी. अंगभर दागिने, डोक्यात अबोलीचा गजरा. धक्क्यावरून मासळीचा टेम्पो घरी परतत होता.

"चला बसा. कुठल्या बसची वाट बघताव?"

मी नंबर सांगितला.

"ती? ती बंद पडून चार महिनं झालं!"

वीस माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलेलं तुम्ही कधी अनुभवलंय का? अनुभवू नका.

"ओ मास्तर," ती पहिली बाई म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना येते म्हणून?"

"हा आमचा मुलगा आहे," आई घाईघाईने म्हणाली, "मास्तर नाही."

"मग कोण आहे?"

ह्या प्रश्नाला आमच्या घरात तीन वर्षं उत्तर नव्हतं. आईने खाली मान घातली आणि टेम्पोत चढली.

त्या टेम्पोत बसायला काय होतं? थर्माकोलचे खोके! ज्या थर्माकोलवरून मी गणपतीत मंडळाशी भांडलो होतो, त्याच्याच खोक्यावर मी बसलो. खाली बर्फाचं पाणी, बाजूला पैठणी वर धरून ताई, समोर माठ कवटाळून काका, आणि मागे आम्ही सोडत चाललेला धूर. दोन गाड्यांनी मिळून केला असता त्याच्या चौपट.

तात्या खोक्यावर आरामात बसले होते. अंगाखालचं वर्तमानपत्र त्यांनी बरोबर आणून परत अंगाखाली घातलं होतं.

"नशीब मावशी इकडून गेल्या," मी पुटपुटलो.

"नशीब कसला? मीच फोन केलेलंय," तात्या म्हणाले. "त्या दिवशी गॅलरीतसून. साडेअकराक स्टॉपवर बघ म्हटलंय."

टेम्पो खड्ड्यात गेला. मी खोक्यावरून वर उडून खाली आलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? बस बंद आहे ते?"

"दर महिन्याक डोळे दाखवूक शीवाक जातंय मी. आधी बारा मिन्टांची वीस झाली. मगे चाळीस. मगे उन्हातान्हात तासभर. मगे येवकच बंद झाली. आता दोन बस बदलतंय, मधला अंतर चलतंय. तू कधी विचारलंस, तात्या कशान जातंत?"

नव्हतं विचारलं. भाषणांतून वेळच मिळाला नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"तुका टॅक्सीवाल्यान सांगितल्यान. आयकलंस?"

तात्यांनी तंबाखूची डबी उघडली, चिमूटभर घेतली, मळली. घाई त्यांना कधीच नसते.

"दुसरो रस्तो न बघता एकदाच उभो रवलंय मी गेटार," ते म्हणाले. "तेवढा पुरला जन्माक."

बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही कोळीवाड्यात उतरलो. हेमंत दारात उभा होता. ताईकडे बघून असा हसला की माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं. बरं झालं. अंगठ्या सव्वाबाराला घातल्या गेल्या, पैठणीला बोंबलाचा वास येत होता, आणि मावशी येईल त्या पाहुण्याला सांगत होती, "आमच्याच टेम्पोतनं आली मानसं, घरचीच असल्यागत!" आई पहिल्यांदा हसली. म्हणजे जे आम्हाला दोन गाड्यांनी साधलं नसतं ते माझ्या मूर्खपणाने साधलं, असं मी काकाला समजावून सांगितलं. काकाने माठ माझ्या हातात दिला.

मागच्या आठवड्यात लग्नाची बैठक बसली. वऱ्हाड कशाने न्यायचं? काका म्हणाला बस ठरवू, खासगी. मला राहवलं नाही. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "मी चौकशी केलीय, स्टेशनला उतरून एक नवीन बस..."

तात्यांनी वर बघितलंच नाही.

"ह्याका आधी स्टॉपवर पाठवा," म्हणाले. "बस इली, तर आमी मागसून येतव."

सगळे हसले. हसू देत.

माझी एका पायात चप्पल घालून झाली होती.