निळी पडणारी अळंबी

"पाय उचला, साहेब! आधी पाय उचला!"

अक्कांचा आवाज असा, की तिकडे दूर होसकोट्याच्या कारखान्यांत जेवणाचा भोंगा झाला समजून माणसं डबे उघडत. आमच्या वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिले. बुटाखाली, फणसाच्या मुळाशी, एक अळंबी होती. तपकिरी, ठेंगणी. शेळीनंही वळून पाहिली नसती.

अक्का पुण्याच्या, संस्थेत करारावर आलेल्या अळंबी-संशोधक. पण महिन्याभरात माळ्याशी कन्नडमधून भांडू लागल्या, तेव्हा आम्ही जुन्या बंगळुरी मराठी मंडळींनी त्यांना अक्का करून टाकलं. मी त्याच संस्थेत टंकलेखक.

ही अळंबी दाबली की निळी पडे. वाळली की ती निळाई कायमची जाई. अक्का म्हणत, ही जात अजून कुणी नोंदवलेलीच नाही. वाळवलेले नमुने परदेशी तज्ज्ञाकडे गेले होते. उत्तर आलं होतं, जुनीच जात आहे.

"प्रेत बघून माणूस गायचा कसा, ते सांगता येतं का?" अक्का गरजल्या. "ही ताजी आहे. दाबा, साहेब."

साहेबांनी अंगठा टेकवला. असा निळा डाग उठला, की जमलेली सगळी कचेरी "अय्यो!" म्हणून मागे सरली.

"मी काही पाहिलं नाही," साहेब म्हणाले. "जुनी जात म्हणून अहवालावर सही करा, मार्चमध्ये करार वाढवतो."

"नाही करणार."

"स्वल्प विचार करा, बाई!"

"केला. नाही."

मार्चमध्ये करार संपला. पण अक्का कसल्या थांबतात! तेव्हा नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. त्यांनी चर्चमधले एक म्हातारे फादर गाठले. त्या निळ्याला नेमका शब्द कोणता, यावरून दोघं इतके भांडले, की म्हणे संध्याकाळची घंटा वाजवायची राहिली. वर्णन छापून आलं. त्या तज्ज्ञानंही मान तुकवली. नोकरी मात्र परत मिळाली नाही. अक्का शेवटपर्यंत मल्लेश्वरममध्ये शिकवण्या घेत राहिल्या.

आता त्या नाहीत. एकदा बसथांब्यावर भेटल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एका सहीचा तर प्रश्न होता. केली असती तर काय झालं असतं?"

बस येतेय का ते बघत त्या म्हणाल्या, "ती जुनी ठरली असती."