उजवीकडची खिडकी: आईसोबत जोधपूर

आमचं घर घाटकोपर पश्चिमेला, उतारावर, बरोबर विमानं उतरतात त्या वाटेवर. लग्न होऊन आल्यापासून आई विमानं खालूनच बघत आलीय. मी नववीत शाळा सोडली, एसीचं काम शिकलो, कुठे टिकलो नाही. सध्या जोधपूरच्या एका हॉटेलात आहे. या थंडीत आईला म्हटलं, "चल, माझी खोली बघून जा. विमानाने जाऊ."

"येते. पण जाताना वरून तुझं गाव दाखव आणि येताना आपलं घर. बाकी काही नको मला."

दोन महिने आधी तिकिटं काढली म्हणून परवडली. जाताना-येताना तिला खिडकी मिळावी म्हणून थोडे जास्त भरले.

जोधपूरची धावपट्टी हवाई दलाची. आपली प्रवासी विमानं तिथे पाहुण्यासारखी येतात. मी नेहमी रेल्वेने जातो, त्यामुळे पुढची भानगड मला माहीतच नव्हती. उतरायच्या आधी विमानात घोषणा झाली, खिडक्यांची झाकणं खाली करा, फोटो काढू नका. आईने लगेच झाकण ओढलं, वर हात दाबून धरला.

"का रे?"

"खाली लढाऊ विमानं असतात. कुणी बघू नये म्हणून."

"मी कुणाला सांगणारे?"

तिचं तोंड उतरलं. मी आपलं सुरू केलं, "आता खाली किल्ला असेल बघ, पलीकडे निळी घरं..."

"तू बघितलंयस वरून?"

"नाही."

"मग गप बस."

विमानतळावरून शहरात रिक्षा दीडशे-दोनशेत मिळते, भाव आधी ठरवा. किल्ल्यावर सकाळी जा, चढ आहे, आईला दोनदा बसावं लागलं. वर पोचलो तेव्हा एक लढाऊ विमान कान फाडत गेलं. आई म्हणाली, "आपल्याकडची बरी. हे रागावलेलं वाटतं." मिरची वडा तिला फार तिखट नाही लागला, मावा कचोरी मात्र फार गोड म्हणून अर्धी मलाच दिली. माझ्या खोलीत तिला एकच ताट दिसलं. दुसऱ्या दिवशी घंटाघराच्या बाजारात जाऊन आणखी एक ताट घेऊन आली.

परतीच्या आदल्या दिवशी तिने शेजारच्या सुमनमावशीला फोन केला. आमच्या पत्र्यावर पिवळी साडी पसर, वरून घर ओळखू येईल.

निघतानाही झाकण बंदच. बरंच वर गेल्यावर उघडायला मिळालं, तेव्हापासून आईचं कपाळ काचेला. वाशीची खाडी आली, मिठागरं आली. उजवीकडे डोंगरावरची रंगीत घरं, पाण्याच्या टाक्या, मेट्रोचा पूल. मग धाडकन धावपट्टी.

"दिसली साडी?"

ती म्हणाली, "आजूबाजूचं सगळं दिसलं. आपण बरोबर विमानाच्या पोटाखाली राहतो रे. तिथलं खिडकीतून कसं दिसणार?"

दोन्ही वेळा जास्त भरून मी हे काय दाखवलं, असं मनात आलं. पुढे मेट्रोने जागृती नगरला उतरलो.

गल्लीच्या तोंडाशीच सुमनमावशी उभी. मावशी मालवणची.

"दिसली काय गो? वाऱ्यान उडत होती, मी कोपरो धरून उभी रवलंय."

मी आईकडे बघितलं.

"दिसली तर. लांबूनच ओळखली. कोपरा धरलेली तूपण दिसलीस."

"अगो बाई. आणि मी जुन्या गाऊनात."

बॅगा टाकून आम्ही तिघं साडी काढायला वर चढलो. चारी कोपऱ्यांवर विटा होत्या, तरी मावशीने एक कोपरा हातात धरला होता. ऊन केवढं होतं. वरून बघायच्या दोन्ही गोष्टी राहिल्या, हे मला अजून टोचत होतं. आई मात्र साडीची घडी घालत मावशीला निळ्या घरांचं सांगत होती, जशी काही वरून बघितलीत.

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान आलं, चाकं बाहेर काढलेलं. मावशीने गाऊन नीट केला आणि हात हलवायला लागली.

"आमी दिसतंव मा गो तेंका?"

"दिसतो की," आई म्हणाली आणि तिनेही हात वर केला. मग मीही केला.