भर पावसात वाळलेली सुकट

निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यातली ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

पनवेलजवळ कोनच्या बाजूच्या एका गावातले वीस-पंचवीस जण दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात शिरले. पुढे एक जमीनमालक. त्याची आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. ट्रान्सफॉर्मर जळला, मशीन बंद पडलं आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत म्हातारी गेली. त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, 'ज्याच्यामुळे लाईट गेली, त्याच्यावर माझ्या आईच्या मृत्यूचा गुन्हा दाखल करा.' राग गावच्या वायरमनवर होता. त्या बिचाऱ्याला आधीच चोपून आणलं होतं.

वायरमन ओठ पुसत म्हणाला, "साहेब, महिन्यात तिसरा ट्रान्सफॉर्मर जळलाय. एवढा लोड या गावाचा नाहीच. कोणीतरी चोरून ओढतंय."

नवा ट्रान्सफॉर्मर बसल्यावर मी साध्या कपड्यांत गावात गेलो. पाऊस कोसळत होता. अर्जदाराच्याच जुन्या भाताच्या गोदामामागे, पत्र्याखाली एक बाई सुकट वाळवत बसली होती. श्रावणात सुकट वाळते? मी विचारलं.

"सादळली व्हती, सायेब. इथं गरम वारा येतो ना! आत मोठं पंखं हाईत, कवा बंद नाय व्हत."

वीज कंपनीचं पथक आणि दोन पंच घेऊन छापा घातला. आत छतापर्यंत कॉम्प्युटरसारखी मशीनच मशीन आणि खांबावरून थेट टाकलेली चोरीची वायर. ठाण्यात जमा केलेल्या या गोदामाच्या भाडेकरू फॉर्मवर 'कॉम्प्युटर क्लास' लिहिलं होतं. पाच महिन्यांपूर्वी आम्हीच त्यावर शिक्का मारला होता, बघायला कोणी गेलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

भाडेकरू शिकलेला, गोडबोल्या. म्हणाला, "सर, हे क्रिप्टो मायनिंग आहे, मशीनवर डिजिटल नाणी तयार करतो. ते बेकायदा नाही. बँकांना, मॉलना वीज लागत नाही का?"

मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणून जास्त संताप आला. "इथे काय तयार होतं ते दाखव," मी ओरडलो. त्याने मोबाईलवर एक आकडा दाखवला. त्या आकड्यासाठी तिकडे कुठल्यातरी वीज केंद्रात रात्रंदिवस कोळसा जळत होता!

मग ठाण्यात त्या जमीनमालकाला समोर बसवलं. वायर कोणी टाकली? त्याने कानांवर हात ठेवले. मी त्याचाच अर्ज पुढे सरकवला. "मोठ्याने वाच."

'माझ्या आईच्या' इथपर्यंत आला आणि थांबला.

"मीच टाकली, सायेब. भाडेकरू बोलला, लाईटचं तुमी बघा. येका वायरनी काय व्हतंय, असा वाटला."

दोघांवर वीजचोरीचं दोषारोपपत्र गेलं. आईच्या मृत्यूचा गुन्हा कायद्यात बसवता आला नाही. जळालेल्या कोळशासाठी तर पंचनाम्यात रकानाही नव्हता. त्या दिवसापासून मी तक्रार घेतली की आधी तक्रारदाराचंच अंगण बघायला जायचो.

त्या दिवशी जबाब देऊन निघताना मालक हळूच म्हणाला, "सायेब, तो अर्ज मागं घेऊ?"

मी दिला नाही. फाईलला पहिलं पान म्हणून तोच लावला.